बुद्धिबळात जगज्जेते असतात तरी किती?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त २६ जानेवारी २०२६ रोजी ध्वजवंदनानंतर आवारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला आधीच बजावलंय, वडे गरम आहेत, तेव्हा वीस मिनिटांच्या वर बोलायचं नाही. हरकत नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्याला घड्याळाची सवय असते.

आजचा विषय मी शोधलेला नाही, तो आपल्या ग्रुपवरच निघाला. गेल्या वर्षी २८ जुलैला नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. ‘आपली दिव्या जगज्जेती!’ असंही बऱ्याच जणांनी लिहिलं. त्यावर ए विंगमधल्या एका काकांनी विचारलं, ‘जगज्जेता गुकेश ना? मग डिसेंबरात हम्पी झाली ती कोण? एका खेळात जगज्जेते असतात तरी किती?’ उत्तर कुणी दिलं नाही. तेवढ्यात पाण्याच्या टँकरचा मेसेज आला आणि विषय तिथेच बुडाला.

काकांचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. कारण दिव्याचंच घ्या. २०१४ मध्ये डर्बनला ती १० वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली. २०१७ मध्ये ब्राझीलला १२ वर्षांखालील. २०२४ मध्ये गांधीनगरला २० वर्षांखालील मुलींची, म्हणजे ज्युनियर जगज्जेती. आणि २०२५ मध्ये विश्वचषक. एवढं सगळं जिंकूनसुद्धा ‘महिला जगज्जेती’ हा किताब आज तिच्याकडे नाही. तो चीनच्या जु वेनजुनकडे आहे. यात दिव्यावर अन्याय काही नाही. या सगळ्या स्पर्धा वेगवेगळ्या गोष्टींची परीक्षा घेतात, एवढंच. ते एकदा समजलं की कौतुकही नेमकं करता येतं, आणि आपल्या घरातल्या मुलांचं काय चाललंय तेही नीट कळतं.

सगळ्यात वरून सुरुवात करू. जगज्जेतेपदाची लढत म्हणजे कुस्तीतल्या गदेसारखी. गदा एकाकडे असते आणि ती हवी असेल तर त्यालाच चीत करावं लागतं. जगज्जेता एका बाजूला, आव्हानवीर दुसऱ्या बाजूला. तिसरा माणूस नाही. तेच दोघं समोरासमोर बसून १४ डाव खेळतात. एक डाव चार-चार, पाच-पाच तास चालतो. १८८६ मध्ये स्टाइनिट्झ पहिला अधिकृत जगज्जेता झाला, तेव्हापासून ही परंपरा आहे. फिडे ही बुद्धिबळाची जागतिक संघटना १९२४ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि १९४८ पासून हे पद तिच्या देखरेखीखाली आलं. १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये गुकेशने डिंग लिरेनला शेवटच्या, चौदाव्या डावात हरवलं. साडेसात विरुद्ध साडेसहा. तेव्हा गुकेश १८ वर्षांचा होता. महिलांची अशीच गदा १९२७ पासून आहे. पहिली मानकरी व्हेरा मेनचिक. सध्याची, आत्ताच सांगितलं तशी, जु वेनजुन.

आता, आव्हानवीर कोण हे कसं ठरतं? त्यासाठी कँडिडेट्स नावाची स्पर्धा असते. जगभरातले फक्त आठ खेळाडू. प्रत्येक जण प्रत्येकाशी दोनदा खेळतो, एकदा पांढऱ्या सोंगट्या घेऊन, एकदा काळ्या. म्हणजे १४ फेऱ्या. पहिला येतो त्यालाच जगज्जेत्यासमोर बसायला मिळतं. इथे दुसऱ्या क्रमांकाला आव्हानाचा हक्क नाही. २०२४ मध्ये टोरांटोला गुकेशने हीच स्पर्धा जिंकली. तिथल्या आठांत आपल्या नाशिकचा विदित गुजराथीही होता.

मग या आठांत शिरायचं कसं? त्याला दरवाजे अनेक आहेत. एक दरवाजा ग्रँड स्विस. अकरा फेऱ्या, हरलात तरी बाहेर नाही, पुढच्या फेरीत साधारण तुमच्याएवढेच गुण असलेला प्रतिस्पर्धी मिळतो. विदित २०२३ ची ग्रँड स्विस जिंकून टोरांटोला गेला. वर्षभरातल्या कामगिरीवरून एखादी जागा मिळते, मानांकनावरून एखादी. आणि सगळ्यात खडतर दरवाजा म्हणजे विश्वचषक.

क्रिकेटमुळे आपला गोंधळ इथेच होतो. क्रिकेटमध्ये विश्वचषक जिंकला की तुम्ही जगज्जेते. विषय संपला. बुद्धिबळात विश्वचषक हे शिखर नाही, शिखराकडे जाणारी वाट आहे. पण वाट कसली! बाद पद्धत. दोन डावांची छोटी लढत, बरोबरी झाली तर जलद डावांचे टायब्रेक, आणि हरलात की बॅग भरा. बातुमीला १०७ जणी होत्या, सात फेऱ्या होत्या. दिव्याचं मानांकन होतं पंधरावं. तिने वाटेत चीनची झू जिनर, आपली द्रोणावल्ली हरिका आणि माजी जगज्जेती टॅन झोंगयी यांना हरवलं. अंतिम फेरीत समोर कोनेरू हम्पी. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले आणि टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली.

तिला त्यातून तीन गोष्टी मिळाल्या. एक, चषक. दोन, कँडिडेट्सची जागा. तीन, ग्रँडमास्टर हा किताब. एरवी ग्रँडमास्टर व्हायला मोठ्या स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी तीनदा करावी लागते, तिला नॉर्म म्हणतात, आणि मानांकन २५०० पर्यंत न्यावं लागतं. महिला विश्वचषकाच्या विजेतीला मात्र हा किताब थेट मिळतो. अशा रीतीने दिव्या भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. महिलांमध्ये हम्पी, हरिका, वैशाली आणि चौथी ही. आणि लक्षात घ्या, ‘ग्रँडमास्टर’ हे विजेतेपद नव्हे. ती पदवीसारखी आहे, एकदा मिळाली की आयुष्यभर तुमची. विजेतेपद मात्र पुढच्या स्पर्धेपर्यंतच.

खुल्या गटाचा विश्वचषक तर आपल्या दारात झाला, गेल्या नोव्हेंबरमध्ये, गोव्यात. २०६ खेळाडू आले होते. चषकाला विश्वनाथन आनंदचं नाव दिलं होतं. तिथे काय झालं ते मुलांनो नीट ऐका. जगज्जेता गुकेश तिसऱ्याच फेरीत हरला आणि बाहेर पडला. त्याला हरवणाऱ्या जर्मनीच्या फ्रेडरिक स्वानेचं नावसुद्धा आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल. दिव्याला खास निमंत्रण होतं, ती पहिल्या फेरीत बाहेर गेली. चषक जिंकला उझबेकिस्तानच्या सिंदारोव्हने, वय १९. आता गुकेश जगज्जेता राहिला की नाही? राहिला. दिव्याचा ग्रँडमास्टर किताब गेला का? नाही गेला. गोव्यातल्या त्या दिवशी ते हरले, इतकंच घडलं.

हे मी मुद्दाम सांगतोय. या पंधरवड्यात आपल्या क्लबहाउसमध्येही मुलांच्या दोन स्पर्धा झाल्या. पहिली साखळी, दुसरी बाद पद्धतीची. साखळीत सातवीतली एक मुलगी सातपैकी साडेसहा गुण घेऊन पहिली आली. पुढच्या रविवारी बाद पद्धतीत ती पहिल्याच डावात पाचवीतल्या मुलाकडून हरली. लगेच चर्चा सुरू, खरा चॅम्पियन कोण? लिफ्टमध्ये कुणीतरी तिला म्हटलं, ‘म्हणजे त्या दिवशी नशीब होतं तर!’ म्हणणाऱ्याने गमतीत म्हटलं असेल. ती पोर त्यानंतर क्लबहाउसकडे फिरकलेली नाही.

मंडळी, साखळी बघते की सात डावांत तुम्ही किती सातत्याने खेळता. बाद पद्धत बघते की आजच्या दिवशी, या एका माणसासमोर, चूक न करता टिकता का. दोन्हीची उत्तरं वेगळी येऊ शकतात आणि दोन्ही खरी असतात. म्हणून आज बक्षिसं दोघांनाही आहेत, आणि ढालींवर दोन वेगळी नावं कोरली आहेत, ‘साखळी विजेती’ आणि ‘बाद फेरी विजेता’. त्या पाचवीतल्या मुलाचंही कौतुक कमी करू नका. सगळ्यांत भारी खेळाडूला एका डावात हरवणं हे काय सोपं आहे?

तुम्ही विचाराल, मग हा घोळ मुळात झाला कसा? त्याला आपल्या सोसायटीपेक्षाही जुना इतिहास आहे. १९९३ मध्ये तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह फिडेपासून फुटला आणि दोन जगज्जेते झाले, एक फिडेचा, एक फुटलेल्यांचा. फिडेने मग आपलं जगज्जेतेपदच बाद पद्धतीने द्यायला सुरुवात केली. अशीच स्पर्धा नोव्हेंबर २००० मध्ये दिल्लीत सुरू झाली, अंतिम लढत तेहरानला झाली, आणि आनंदने शिरोव्हला हरवून भारताला पहिलं जगज्जेतेपद मिळवून दिलं. त्याच सुमारास लंडनमध्ये क्रॅमनिकने कास्पारोव्हला हरवलं आणि तोही जगज्जेता म्हणवला गेला. ही फाटाफूट २००६ मध्ये मिटली. आनंदने पुढे २००७ मध्ये मेक्सिको सिटीत आठ जणांच्या साखळीतून जगज्जेतेपद मिळवलं, आणि २००८ मध्ये बॉन इथे क्रॅमनिकलाच समोरासमोरच्या लढतीत हरवून ते राखलं. बाद पद्धत, साखळी, समोरासमोर, या तिन्ही प्रकारे त्याने ते पद मिळवून दाखवलं. त्याच्या मोठेपणाचं कारण नुसतं ‘पाच वेळा’ हा आकडा नव्हे, हेही आहे.

आता हम्पी. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ती जगज्जेती झाली ती जलद, म्हणजे रॅपिड प्रकारात. २०१९ मध्येही झाली होती. मुलुंडकरांना हे समजायला अवघड नाही. नेहमीचं बुद्धिबळ म्हणजे स्लो लोकल, प्रत्येक स्टेशन बघत जायचं. रॅपिड म्हणजे फास्ट. प्रत्येकाला १५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढवून. ब्लिट्झ म्हणजे ३ मिनिटं आणि दर चालीला २ सेकंद, चढलात की उतरायलाच वेळ नाही. या दोन्हींच्या जागतिक स्पर्धा साधारण वर्षअखेर होतात आणि त्यांचे जगज्जेते वेगळे. गेल्याच महिन्यात दोहाला मॅग्नस कार्लसनने दोन्ही जिंकल्या. हाच कार्लसन मानांकन यादीत जगात पहिला आहे. पण मोठ्या डावांचं जगज्जेतेपद त्याने २०२३ मध्ये स्वतःहून सोडलं, पुन्हा लढायला बसलाच नाही. म्हणजे जगात पहिला क्रमांक एकाचा आणि गदा दुसऱ्याची, असंही असतं.

आणखी एक शब्द नेहमी चुकतो. ऑलिम्पियाड. बुद्धिबळ ऑलिम्पिकमध्ये नाही. ऑलिम्पियाड ही फिडेची दर दोन वर्षांनी होणारी देशांची सांघिक स्पर्धा. चार पट, एक राखीव, अकरा फेऱ्या. २०२४ मध्ये बुडापेस्टला भारताने खुल्या आणि महिला, दोन्ही गटांत सुवर्ण जिंकलं. खुल्या संघात विदित होता. महिला संघात दिव्या होती आणि तिसऱ्या पटावरचं वैयक्तिक सुवर्णही तिचंच. त्या संघाचे कर्णधार होते पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे. ऑलिम्पियाडमध्ये एकटा हिरो पुरत नाही. चौथ्या पटावरचा माणूसही तितकाच पक्का लागतो. सोसायटी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मी मघापासून ‘खुला गट’ म्हणतोय, ‘पुरुष गट’ म्हणत नाही. तो शब्द मुंबईच्या एका मुलीच्या लढाईशी जोडलेला आहे. आपल्याकडे महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. पहिली विजेती मुंबईची वासंती खाडिलकर. पुढे तिच्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. पहिलं दशक या तिघी बहिणींनी गाजवलं. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली आणि गदारोळ झाला. मुलगी पुरुषांत कशी? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे, जे स्वतः माजी जगज्जेते होते, त्यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. रोहिणी पुढे १९८१ आणि १९८३ मध्ये आशियाई महिला विजेती झाली. महिलांच्या वेगळ्या स्पर्धा आहेत त्या जास्त मुलींना संधी मिळावी म्हणून. पण खुला गट सगळ्यांना खुला. गोव्यात दिव्या बसली ती त्याच गटात.

आता पालकांसाठी दोन मिनिटं, कारण पैसे तुमचे जातात आणि रडू मुलांना येतं.

गेटवर पत्रकं लागतात, ‘आंतरराष्ट्रीय मानांकन बुद्धिबळ स्पर्धा’. त्याचा अर्थ परदेशी खेळाडू येणार असा नाही. तिथल्या डावांचे निकाल फिडेकडे जातात आणि मुलाला आकडा मिळू शकतो, इतकाच अर्थ. मानांकन असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव झाले आणि कामगिरी पुरेशी असली की पहिला आकडा मिळतो. सध्या तो १४०० पासून सुरू होतो. तो आकडा म्हणजे किताब नाही. ताप मोजल्यासारखा आहे, वर जातो, खाली येतो. खाली आला म्हणून मूल बिघडलं असं होत नाही.

वयोगटांच्या जागतिक स्पर्धा ८, १०, १२ वर्षांखालील, मग १४, १६, १८, आणि शेवटी २० वर्षांखालील ज्युनियर. त्यांची सरळ वाट जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी जाते. याशिवाय संघटनेमार्फत स्वखर्चाने जादा खेळाडूही जाऊ शकतात. जाण्यात गैर काही नाही, मुलाला अनुभव मिळतो. पण लाखभर रुपये मोडण्याआधी स्वतःला विचारा, निवड होऊन चाललोय की स्वखर्चाने? आणि मुलालाही खरं सांगा.

कुठलंही प्रमाणपत्र हातात आलं की चार गोष्टी बघा. स्पर्धा कुठल्या गटाची? किती वेळाच्या डावांची? साखळी, स्विस की बाद? आणि जिंकल्यावर पुढे कुठला दरवाजा उघडतो? या चार उत्तरांवरून तुम्हाला कळेल, किती पेढे वाटायचे. आणि हरल्यावर घरी येणाऱ्या मुलाला ‘कितवा आलास?’ याच्या आधी ‘कुठला डाव आवडला?’ विचारा. तो डाव त्याला पटावर मांडून दाखवू द्या. तुम्हाला घोडा कसा चालतो एवढंच कळत असलं तरी चालेल.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर आता देतो. मोठ्या डावांचा खुल्या गटातला जगज्जेता एक, गुकेश. महिलांची जगज्जेती एक, जु वेनजुन. रॅपिड आणि ब्लिट्झचे आणखी, प्रत्येक वयोगटाचे आणखी. आणि विश्वचषक विजेती दिव्या. ती आज जगज्जेती नाही, पण होण्याच्या वाटेवरच्या आठ जणींत आहे. त्या आठांत तीन भारतीय आहेत, दिव्या, हम्पी आणि वैशाली. मार्चअखेर सायप्रसमध्ये महिलांची कँडिडेट्स सुरू होईल. जी जिंकेल ती जु वेनजुनसमोर बसेल. खुल्या गटाच्या आठांत आपला प्रज्ञानंद आहे.

कार्यकारिणीने क्लबहाउसचा मोठा टीव्ही त्या दिवसांत संध्याकाळी लावून द्यायचं कबूल केलंय. मी बाजूला पट मांडून बसेन. सातवीतल्यांनी यावं, पाचवीतल्यांनी यावं, काकांनी तर यायलाच हवं. चाल कळली नाही तर विचारा. मलाही कळली नसेल, तर मिळून विचार करू.

वीस मिनिटं झाली. माझा झेंडा पडायच्या आत थांबतो. वडे गार होताहेत.

जय हिंद, जय महाराष्ट्र!